विंगमन म्हणतो ‘दोनवर, खाली’, मग विमान दिसत का नाही?

‘टू, टॅली, दोनवर, खाली, तीन मैल.’ फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विंगमन, म्हणजे तुमच्या जोडीने उडणारा साथीदार, हेडफोनमधून हे सांगतो (‘टॅली’ म्हणजे शत्रू दिसला), मान गर्रकन उजवीकडे वळते आणि समोर नुसतं निळं आकाश असतं. दहा सेकंदांनी मागून गोळ्या येतात. अशा वेळी मॉनिटरला किंवा डोळ्यांना दोष दिला जातो, पण घोळ बहुतेकदा त्याआधीच झालेला असतो. कॉलमध्ये जागा अर्धवट सांगितलेली असते. ती कोणाच्या नाकापासून मोजली, कोणत्या क्षणी मोजली आणि पाहणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं की रडारवर, या तीन गोष्टी कळल्याशिवाय मान वळवण्यात अर्थ नाही.

खालची माहिती मुख्यतः डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरला धरून आहे. फाल्कन बीएमएस आणि आयएल-२ मालिकेतही पद्धत हीच, बटणं वेगळी. अंतराचा ‘मैल’ म्हणजे सगळीकडे नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. रशियन आणि जर्मन विमानांमध्ये अंतर किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये येते. १००० फूट म्हणजे साधारण ३०५ मीटर, एवढं पाठ असू द्या.

घड्याळ कोणाचं?

घड्याळी दिशेत बारा म्हणजे विमानाचं नाक, सहा म्हणजे शेपूट, तीन उजवा पंख, नऊ डावा. प्रश्न एवढाच की विमान कोणाचं. विंगमन तुमच्या शेजारी त्याच दिशेने उडत असेल आणि शत्रू दहा मैलांवर असेल, तर त्याचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ जवळजवळ एकच. फॉर्मेशनमध्ये चालताना म्हणूनच काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन प्रसंगी.

पहिला प्रसंग शत्रू जवळ असतानाचा. समजा विंगमन तुमच्या डाव्या हाताला दीड मैलावर, समांतर उडतोय. तो म्हणाला, ‘तीनवर, दोन मैल.’ म्हणजे शत्रू तुमच्याही तीनवर आहे, पण अवघ्या अर्ध्या मैलावर. आता तो म्हणाला, ‘तीनवर, एक मैल.’ शत्रू तुमच्या दोघांच्या मध्ये आहे, म्हणजे तुमच्या नऊवर! तुम्ही उजवीकडे बघत बसाल आणि तो डावीकडून येईल. नियम असा: सांगितलेलं अंतर तुमच्या दोघांमधल्या अंतराच्या दुप्पट-तिप्पट असेल तरच त्याचं घड्याळ स्वतःवर जसंच्या तसं लावा. त्याहून जवळ असेल तर आधी विंगमनला शोधा आणि त्याच्या विमानापासून नजर पुढे न्या.

दुसरा प्रसंग दोघांची नाकं वेगळ्या दिशांना असतानाचा, म्हणजे प्रत्यक्ष झटापट सुरू झाल्यावरचा. विंगमन उत्तरेला तोंड करून, तुम्ही पूर्वेला. त्याचं तीन म्हणजे पूर्व, आणि पूर्व म्हणजे तुमचं बारा. इथे घड्याळ सरळ ९० अंशांनी चुकतं.

माणूस विंगमन असेल तर उड्डाणाआधीच ठरवून टाका की घड्याळ नेहमी ऐकणाऱ्याचं सांगायचं, आणि तेही ‘लीड, तुझ्या पाचवर’ असं नाव घेऊन. संगणकाच्या विंगमनला हे सांगता येत नाही, म्हणून त्याची सवय तपासून घ्यायची. मिशन एडिटरमध्ये एकच शत्रू विमान ठेवा, विंगमनला तुमच्यापासून वेगळ्या दिशेला जायला लावा आणि कॉल येताक्षणी पॉज दाबा. एफ१० बटणाने नकाशा उघडून दोन्ही विमानांची नाकं आणि शत्रूची जागा पाहा. कोणाचं घड्याळ जुळतं ते दोन मिनिटांत कळतं. सिम्युलेटरचं मोठं अपडेट आलं की ही चाचणी पुन्हा करावी, कारण रेडिओचे संवाद अधूनमधून बदलले जातात.

घड्याळ ऐकलं की लगेच अंशांत बदला

या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. घड्याळी दिशा तुमच्या विमानाला चिकटलेली असते. तुम्ही ३० अंश उजवीकडे वळलात की दोनवरचा शत्रू एकवर आला, आणखी ३० अंश वळलात की बारावर. कॉल ऐकून वळायला सुरुवात केली आणि तरीही दोनवरच बघत राहिलात, तर रिकामं आकाश दिसणारच. कंपासची दिशा मात्र तुम्ही वळल्याने बदलत नाही.

हिशोब तोंडी होतो. घड्याळाचा एक आकडा म्हणजे ३० अंश. उजवीकडचं मिळवायचं, डावीकडचं वजा करायचं:

- हेडिंग (नाकाची कंपासवरची दिशा) ३००, कॉल ‘दोनवर’. ३०० अधिक ६० म्हणजे ३६०. शत्रू सरळ उत्तरेला.
- हेडिंग २५०, कॉल ‘दहावर’. दहा म्हणजे बारापासून डावीकडे दोन घरं, ६० अंश. २५० वजा ६० म्हणजे १९०.
- उत्तर ३६० च्या वर गेलं तर ३६० वजा करा, शून्याखाली गेलं तर ३६० मिळवा.

आकडा मिळाला की तो मोठ्याने म्हणा. ऐकायला विचित्र वाटेल, पण वळणाच्या झटापटीत डोक्यातला आकडा उडून जातो आणि तोंडातून बाहेर पडलेला टिकतो. मग वळा, नाक त्या हेडिंगवर आणा आणि समोर शोधा. मान मागे वळवून शोधण्यापेक्षा नाक वळवून समोर शोधणं कधीही सोपं. समोर हडमुळे (डोळ्यांसमोरच्या काचेवर आकडे दाखवणारा पडदा) कंपास आणि क्षितिज डोळ्यांपुढे असतं, आणि रडारही तिथेच चालतं.

आकड्याऐवजी जमिनीवरची खूण धरली तरी चालते. ‘नदीच्या वळणाच्या वर’ हेही तुमच्या वळण्याने हलत नाही. आयएल-२ मधल्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांमध्ये कंपास सुई डुलत असताना खूण जास्त भरवशाची.

कॉल मागच्या बाजूचा असेल, पाच-सहा-सात, आणि अंतर दीड मैलाच्या आत असेल, तर हिशोब राहू द्या. ज्या बाजूचा कॉल आहे त्या बाजूला आधी कचकचून वळा, शोधणं नंतर. वळल्यामुळे मागचा शत्रू सरकत तीन-नऊच्या रेषेकडे येतो आणि तिथे तो दिसतो. खांद्यावरून मागे बघताना आणखी एक गोंधळ होतो: उजव्या खांद्यावरून पाचवर बघत असाल तर सहा हे पडद्यावर आणखी उजवीकडे असतं. घाईत माणसं उलटीकडे नजर फिरवतात.

वर, खाली आणि किती

‘वर’ आणि ‘खाली’ हे क्षितिजाच्या संदर्भात धरा, कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या छताच्या, नाही. तुम्ही ६० अंश कलंडलेले असताना कॅनोपीतलं ‘वर’ म्हणजे क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वरची दिशा. म्हणून शक्य असेल तर आधी पंख सपाट करा, मग बघा. शत्रू खाली असेल तर सपाट पंखच आड येतात. अशा वेळी शत्रूच्या बाजूचा पंख ३०-४० अंश खाली करा, जमीन उघडी पडते.

उंचीचा आकडा मिळाला तर कोन काढता येतो. एका मैलाला एक अंश म्हणजे जवळपास १०० फूट. उंचीतला फरक फुटांत घ्या, मैलांनी भागा, पुन्हा शंभराने भागा. शत्रू पाच मैलांवर आणि ५,००० फूट वर असेल तर कोन १० अंश. १९२० पिक्सेल रुंदीच्या मॉनिटरवर, ८० अंशांच्या दृश्यात, तो क्षितिजापासून सुमारे २०० पिक्सेल वर दिसायला हवा. नवखी माणसं ‘वर’ ऐकलं की छतच बघायला लागतात. पाच-सात मैलांवरचं ‘वर’ बहुतेकदा क्षितिजापासून फार लांब नसतं.

डोळ्यांनी दिसणार तरी आहे का?

मिग-२९ च्या पंखांची रुंदी ११.३६ मीटर. ८० अंशांच्या दृश्यात १९२० च्या मॉनिटरच्या मध्यभागी एका अंशाला सुमारे २० पिक्सेल मिळतात. हिशोब केला तर दोन मैलांवर हे विमान साडेतीन पिक्सेल रुंद दिसतं, पाच मैलांवर दीड पिक्सेलपेक्षा कमी, आणि दहा मैलांवर पाऊण पिक्सेलही नाही. झूम करून दृश्य ३० अंशांवर आणलं की हेच आकडे अनुक्रमे ११, साडेचार आणि दोनच्या थोडं वर जातात. हीसुद्धा पूर्ण पंखांची रुंदी. बाजूने किंवा तिरकं उडणारं विमान वेगळं दिसतं, आणि समोरून नाकावर येणाऱ्याचं पातळ पंख डोळ्याला फारसं काही देत नाही.

म्हणून विंगमनने दहा मैलांहून जास्त अंतर सांगितलं की डोळे ताणू नका. तो बहुधा रडारवरून बोलतोय, तुम्हीही रडार किंवा डेटालिंककडे (इतर विमानांनी पाहिलेलं तुमच्या पडद्यावर दाखवणारी जोडणी) वळा. पाच ते दहा मैलांत झूम करूनच शोधा. पाचच्या आत साधा डोळा आणि झूम आलटून-पालटून. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत रडारचा प्रश्नच नाही. बीएफ १०९ चे पंख ९.९२ मीटर, तीन किलोमीटरवर साध्या दृश्यात सुमारे चार पिक्सेल आणि ३० अंशांच्या झूममध्ये बारा.

संगणकाचा विंगमन कधीकधी तुमच्या मानाने अशक्य अंतरावरून कॉल देतो. त्याच्याकडे पिक्सेल नसतात, गणित असतं. त्याच्याशी स्पर्धा करू नका.

आकाश चाळणं

घड्याळाचा एक आकडा ३० अंशांचा, म्हणजे विंगमनने अचूक सांगितलं तरी शत्रू त्या दिशेच्या १५ अंश इकडे-तिकडे असू शकतो. पाच मैलांवर ही चूक सव्वा मैलाहून जास्त होते. गंमत म्हणजे दृश्य ३० अंशांवर झूम केलं की घड्याळाचं एक घर बरोबर पडद्याच्या रुंदीएवढं होतं. याचा उपयोग करून घ्या:

१. नमपॅडवरच्या ५ ने दृश्य मध्यावर आणा. हेड ट्रॅकर (डोक्याच्या हालचालीने दृश्य फिरवणारं उपकरण) असेल तर त्याचा मध्य आधीच नीट बसवलेला हवा. सरकलेला मध्य असेल तर प्रत्येक दिशा तेवढीच चुकते.

२. न झूम केलेल्या दृश्यात सांगितलेल्या दिशेकडे बघा, क्षितिज पडद्यावर ठेवा. काही हलतंय का, चमकतंय का, पांढरी रेघ आहे का, एवढंच बघा.

३. नमपॅडच्या * ने झूम करा. आता घड्याळाचं ते घर पडद्यावर भरलंय. डावीकडून उजवीकडे नजर सलग फिरवू नका. पडद्याचे चार-पाच उभे पट्टे कल्पा आणि प्रत्येकावर एक-दोन सेकंद नजर स्थिर ठेवा. फिरत्या नजरेला दोन पिक्सेलचा ठिपका दिसत नाही.

४. नाही सापडला तर शेजारच्या घरात जा, दोन्ही बाजूंना एकेक. त्याहून पुढे जाऊ नका. विंगमनला पुन्हा विचारा.

५. नमपॅडच्या / ने झूम मागे घ्या किंवा एंटरने नेहमीच्या दृश्यावर या. झूम लावून ठेवून उडणं म्हणजे स्वतःच्या शेपटीकडे पाठ फिरवणं.

क्षितिजाच्या वरचं आधी चाळा, तिथे पार्श्वभूमी साधी असते. जंगलावर किंवा शहरावर उडणारं विमान स्थिर चित्रात सापडत नाही, हालचालीने सापडतं. त्यामुळे खाली बघताना स्वतःचं विमान सरळ आणि स्थिर ठेवा. तुम्ही वळत असाल तर सगळंच हलतं. कॅनोपीची चौकट मोठी असलेल्या विमानांत, मिग-२१ किंवा बीएफ १०९, डोकं दोन्ही बाजूंना थोडं सरकवा. ठिपका चौकटीमागे बसला असेल तर कितीही झूम केलं तरी उपयोग नाही. आणि एखादा ठिपका काचेवर एकाच जागी थांबून मोठा होत असेल तर तो तुमच्यावरच येतोय.

ग्राफिक्सच्या सेटिंग्जचाही इथे हात असतो. डीएलएसएससारखं अपस्केलिंग कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करतं, आणि त्यात बारीक ठिपका पुसट होऊ शकतो किंवा शेपूट सोडतो. एकच मिशन दोन्ही सेटिंगवर उडवून तुलना करा. फ्रेम वाढल्याच्या आनंदात शत्रू गायब झाला तर तो सौदा महाग.

बुल्सआय: दुसऱ्याच बिंदूपासून मोजलेली जागा

जेट विमानांत लांबचे कॉल दोन प्रकारे येतात. एक ब्रा: तुमच्यापासूनची दिशा, अंतर, उंची आणि शत्रूचा रोख. ‘०५३, ५०, २५ हजार, हॉट (तुमच्याकडे येतोय).’ हे थेट वापरता येतं. दुसरा बुल्सआय: नकाशावर ठरवलेल्या एका बिंदूपासून शत्रूची दिशा आणि अंतर. चारही विमानं वेगवेगळ्या ठिकाणी असताना एकाच वाक्यात सगळ्यांना जागा कळावी म्हणून ही सोय. डीसीएसमध्ये प्रत्येक बाजूचा बुल्सआय वेगळा असतो आणि तुमच्या बाजूचा एफ१० नकाशावर दिसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बुल्सआयचा कोन स्वतःपासून समजणं. ‘बुल्सआय ०९०, ४०’ ऐकून पूर्वेला नाक वळवणारे कमी नाहीत. खरी पद्धत अशी:

समजा तुम्ही बुल्सआयपासून १८० अंशांवर, ३० मैल आहात, म्हणजे बरोबर दक्षिणेला. शत्रू बुल्सआयपासून ०९० वर, ४० मैल. तुम्हाला शत्रूपर्यंत जायला ३० मैल उत्तरेला आणि ४० मैल पूर्वेला जायचंय. तीन-चार-पाचचा त्रिकोण, म्हणजे अंतर ५० मैल, दिशा ०५३. तुमचं हेडिंग ३६० असेल तर तो तुमच्या दोनच्या जरा अलीकडे.

आकडे इतके गोड नसतात, तेव्हा एचएसआयची, म्हणजे कॉकपिटातल्या दिशादर्शकाची, गोल तबकडी पाटीसारखी वापरा. तबकडीचा मध्य म्हणजे बुल्सआय. तुमचा बिंदू मनाने ठेवा, शत्रूचा ठेवा, तुमच्याकडून शत्रूकडे बाण काढा आणि तो बाण तसाच समांतर सरकवून मध्यावर आणा. बाणाचं टोक कडेवरच्या ज्या आकड्याकडे जातं ती दिशा. पाच-दहा अंशांची चूक होईल, पण रडार कुठे वळवायचं हे कळतं.

विमान मदत करत असेल तर पाटीची गरज नाही. एफ-१६सी मध्ये लिस्ट दाबा, मग ०, मग ८, आणि बुल्सआय निवडा. नेहमीच्या मांडणीत तो २५ क्रमांकाच्या स्टीअरपॉइंटवर (विमानात साठवलेला नकाशाबिंदू) असतो. निवडल्यावर रडारच्या पडद्यावर खाली डावीकडे कर्सरची बुल्सआयपासूनची दिशा आणि अंतर दिसतं. मग डोक्यात त्रिकोण सोडवायचा नाही, कर्सर सरकवत राहायचं आणि आकडे कॉलशी जुळले की थांबायचं. एफ/ए-१८सी मध्ये एचएसआयच्या डेटा पानावर बुल्सआयचा वेपॉइंट (साठवलेला बिंदू) निवडून ए/ए डब्ल्यूपी चौकटीत आणा. त्या वेपॉइंटमध्ये बुल्सआयचेच अक्षांश-रेखांश भरलेले असायला हवेत, नाहीतर सगळे आकडे नेटके दिसतील आणि सगळे चुकीचे असतील.

दोन सूक्ष्म गोष्टी. एक, ६० मैलांवर एक अंशाची चूक म्हणजे एक मैल. कॉकेशसच्या नकाशावर खऱ्या उत्तरेत आणि चुंबकीय उत्तरेत साधारण सहा-सात अंशांचा फरक आहे, म्हणजे ६० मैलांवर सहा-सात मैल. नकाशावरच्या मोजपट्टीचा कोन आणि कॉकपिटातला कोन यांत हाच फरक पडतो, तेव्हा दोन्ही आकडे मिसळू नका. दोन, कॉल म्हणजे शिळी बातमी. दोन विमानं प्रत्येकी ४८० नॉटने, म्हणजे ताशी ४८० मैलांनी, समोरासमोर येत असतील तर मिनिटाला १६ मैल कमी होतात. कॉल ऐकून, समजून, रडार वळवेपर्यंत २० सेकंद गेले तर ५० मैलांवरचा शत्रू ४५ च्या आत आलेला असतो. ‘हॉट’ असेल तर जवळ शोधा, ‘कोल्ड’ (दूर जाणारा) असेल तर सांगितलं तिथेच किंवा थोडं पुढे, आणि ‘फ्लँक’ (तिरका) किंवा ‘बीम’ (आडवा) याबरोबर दिशा सांगितली असेल तर त्या बाजूला सरकवून शोधा.

रडारचा डोळा योग्य जागी नेणं

रडार चालू आहे, दिशा बरोबर आहे, तरी पडदा कोरा. नव्वद टक्के वेळा अँटेना चुकीच्या उंचीवर बघत असते. एफ-१६सी आणि एफ/ए-१८सी दोन्हींत कर्सरजवळ दोन आकडे दिसतात: त्या अंतरावर रडार किती हजार फुटांपासून किती हजार फुटांपर्यंत बघतंय ते. क्रम असा ठेवा: आधी कर्सर सांगितलेल्या अंतरावर न्या, मग अँटेनाचं चाक फिरवा, सांगितलेली उंची त्या दोन आकड्यांच्या मध्ये येईपर्यंत. उलट केलंत तर कर्सर हलवताच आकडे बदलतात आणि मेहनत वाया जाते.

हे आकडे नसलेल्या विमानात मघाचंच सूत्र. तुम्ही २०,००० फुटांवर, शत्रू ५,००० वर, अंतर ३० मैल. १५,००० भागिले ३०, भागिले १००, म्हणजे अँटेना ५ अंश खाली.

एवढं करूनही विंगमनला दिसतो आणि तुम्हाला नाही, असं होतं आणि त्यात कोणाची चूक नसते. डॉप्लर रडार जवळ येण्या-जाण्याच्या वेगावर लक्ष्य ओळखतं. शत्रू तुमच्या नजरेच्या रेषेला काटकोनात उडायला लागला की त्याचा तो वेग शून्याजवळ येतो आणि रडार त्याला जमिनीच्या परावर्तनात गाळून टाकतं. याला नॉच म्हणतात. विंगमन बाजूला दहा मैलांवर असेल तर त्याच्यासाठी कोन वेगळा, त्यामुळे त्याला शत्रू दिसतच राहतो. अशा वेळी रडारशी झटापट न करता डेटालिंकवरचं चिन्ह बघा, किंवा उंचीने शत्रूच्या खाली जा, म्हणजे त्याच्या मागे आकाश येईल.

जमिनीवरचं लक्ष्य

इथे घड्याळ जवळजवळ निरुपयोगी. ‘तीनवर दोन रणगाडे’ ऐकून जंगलात काहीही सापडत नाही. माणूस विंगमन असेल तर मोठ्याकडून लहानाकडे या, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून दोघांना तेच दिसतंय का याची खात्री करा. उदाहरणार्थ कॉकेशसच्या नकाशावरच्या कोबुलेती विमानतळाजवळ (‘कॉन्टॅक्ट’ म्हणजे खूण दिसली): ‘धावपट्टी दिसते?’ ‘कॉन्टॅक्ट.’ ‘तिचं समुद्राकडचं टोक. धावपट्टीची लांबी म्हणजे एक माप. त्या टोकापासून दक्षिणेला अर्धं माप, रस्ता.’ ‘कॉन्टॅक्ट.’ ‘रस्त्यावर लाल छपराची इमारत, तिच्या पूर्वेला झाडांची रांग, रांगेच्या उत्तर टोकाला दोन वाहनं.’ ‘टॅली, दोन वाहनं.’ माप नेहमी जमिनीवरच्या दिसणाऱ्या वस्तूचं ठेवा. वरून ५०० मीटर प्रत्येकाला वेगळे वाटतात.

जागेचे निर्देशक (कोऑर्डिनेट्स) मिळाले तर उत्तमच. लष्करी ग्रिडमध्ये आकड्यांचा पहिला अर्धा भाग पूर्वेकडचा, दुसरा उत्तरेकडचा. सहा आकडे १०० मीटरपर्यंत नेतात, आठ आकडे १० मीटरपर्यंत. सहा आकडे मिळाल्यावर टार्गेटिंग पॉड (लक्ष्य शोधणारा कॅमेरा) थेट अरुंद दृश्यावर नेऊ नका. रुंद दृश्यात रस्ता आणि झाडं ओळखा, मग आत शिरा. धुराची खूण असेल तर धुराचा बुडखा धरा. वाऱ्याने शेंडा शंभर-दोनशे मीटर सहज सरकतो आणि दिशा शेंड्यापासून मोजली की बॉम्ब शेतात पडतात.

उत्तर काय द्यायचं

शब्द मोजके आणि नेमके वापरा. ‘टॅली’ म्हणजे शत्रू दिसला. ‘व्हिज्युअल’ म्हणजे आपलं विमान दिसलं. ‘नो जॉय’ म्हणजे शत्रू दिसत नाही, ‘ब्लाइंड’ म्हणजे आपला माणूस दिसत नाही. जमिनीची खूण अजून दिसली नसेल तर ‘लुकिंग’. शत्रू दिसला म्हणून ‘व्हिज्युअल’ म्हणणं ही सगळ्यात महागडी चूक. विंगमनला वाटतं तुम्ही त्याला बघताय, आणि तो निर्धास्तपणे तुमच्या गोळीच्या रेषेत येतो.

नो जॉय असेल तर लगेच म्हणा. पाच सेकंद गप्प राहिलात की तो समजतो काम झालं. आणि एकच ठिपका दिसला तर तो विंगमन की शत्रू हे कळेपर्यंत ट्रिगरवरचं बोट बाजूला. विंगमनला एका दिशेला वळायला सांगा. जो वळला तो आपला.

सराव

एकच शत्रू, एकच विंगमन, शस्त्रं बंद. कॉल आला की अंश मोठ्याने म्हणा, शोधा, टॅली म्हणा किंवा हार माना. मग पॉज करून एफ१० नकाशावर खरी जागा बघा आणि चूक अंशांत आणि मैलांत लिहून ठेवा. लेफ्ट शिफ्ट आणि एफ१० ने लेबलं लावून त्याच क्षणी डोळ्यांनाही दाखवा की ठिपका नेमका कसा दिसत होता, मग लेबलं बंद. लेबलं लावूनच उडत राहिलात तर डोळे मजकूर शोधायला शिकतात, विमान नाही.

टॅकव्ह्यू या उड्डाणाची नोंद दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उड्डाण पुन्हा चालवलं की कॉलच्या क्षणी शत्रू कुठे होता आणि तुम्ही कुठे बघत होतात ते वरून दिसतं. चुका एकाच बाजूला जात असतील, म्हणजे दर वेळी दहा अंश उजवीकडे, तर दोष हिशोबात नाही. हेड ट्रॅकरचा मध्य किंवा खऱ्या-चुंबकीय उत्तरेची सरमिसळ तपासा. चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील तर कॉल आल्यानंतर तुम्ही किती वळलात ते बघा. बहुतेकदा उत्तर तिथेच मिळतं.